पिंकीची एकादशी

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला नीट कळत नाही, त्याबद्दल माफी असावी. शाळा चौथीपर्यंत, तीही कानडी. मराठी लिहायला आईनं शिकवलं, ताटात तांदूळ पसरून त्यात बोट फिरवून. म्हणून की काय, माझी अक्षरं अजून ओळीत राहत नाहीत, ताटाच्या काठाकडं पळतात. हे कुणी वाचणार नाही हे मला ठाऊक आहे. तरी माफी मागितल्याशिवाय हात पुढं जात नाही. सगळं आयुष्य लोकांच्या मागच्या दारानं आत-बाहेर केलं की अशी सवय लागते.

अवरेकाई आली आहे. आज बाजारात गेले तर हातगाड्या, पोती, फुटपाथ, सगळीकडं हिरवे ढीग. आपल्या वालाच्या शेंगांची ही बहीण, पण बेंगळूरच्या थंडीत हिला जो वास येतो तो दुसऱ्या कशाला नाही. शेंगेवर काही चिकट, तेलकट असतं, इथले लोक त्याला सोगडु म्हणतात. शेंगा सोलल्या की तो वास बोटांना बसतो आणि साबणानं जात नाही. दोन महिने सगळ्या शहरातल्या बायकांच्या बोटांना एकच वास. लोकांना त्यानं इथलं आमटीसारखं सारू आठवतं, उप्पीट आठवतं, माहेर आठवतं. मला जयनगरचं ते घर आठवतं आणि तोंड कडू होतं.

त्या घराच्या मागच्या औटहौसमध्ये आम्ही भाड्यानं राहत होतो, मी आणि हे. दोन खोल्या, वर पत्रा, पुढं कपडे धुण्याचा दगड आणि नळ. पीण्या म्हणून कारखान्यांचा भाग आहे, तिथं हे एका लहान कारखान्यात लेथवर होते; सकाळी डबा घेऊन गेले की अंधार पडल्यावर येत. पुढचं मोठं घर मालकांचं. मालक गोपाळण्णा, बँकेतून रिटायर झालेले, आणि त्यांची बायको पद्माक्का. आमच्यासारखेच कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडं आलेले मराठी, पण ते कडक सोवळ्यातले. पहिल्याच दिवशी अण्णांनी हाताची घडी घालून सांगितलं होतं, "भाडं पाच तारखेला. नळ सकाळी. आणि अंडं-मांस या कंपाउंडच्या आत येता कामा नये. बाहेर काय खाता ते आम्ही विचारणार नाही." आम्ही सरी म्हणालो, म्हणजे बरं. घराचा अ‍ॅडव्हान्स त्यांच्या हातात ठेवला, त्यासाठी माझ्या बांगड्या मोडल्या होत्या. बेंगळूरात घर सोडताना तो परत मिळतो, असं सगळे म्हणतात. पण एवढे पैसे दुसऱ्याच्या कपाटात असले की माणूस आपोआप हळू बोलायला लागतो. मी तर आधीच हळू बोलणारी.

पिंकी ही त्यांची कुत्री. पांढरी, केसाळ, टोकदार नाकाची पॉमेरियन. त्या वर्षांत जयनगरात ज्या घरात रंगीत टीव्ही आला त्या घरात पॉमेरियनही आला. संध्याकाळी फिरायला निघालं की दर तिसऱ्या फाटकामागून तोच किरकिरा आवाज आणि आतून तेच शब्द, "नो, नो! सिट!" माणसांशी मराठी किंवा कानडी, कुत्र्याशी इंग्रजी. यांच्या मुलानं इंजिनिअरिंगला असताना हट्ट केला म्हणून पिंकी आणली. मग मुलगा अमेरिकेला गेला. त्याची सायकल जिन्याखाली राहिली आणि पिंकी मागच्या पडवीत. सायकलीवर निदान पोतं तरी टाकलेलं होतं.

"मुलगीच आहे हो आमची," पद्माक्का आल्यागेल्याला सांगत. त्यांचा आवाज गोड होता. मी मागच्या दगडावर कपडे धूत असायचे, मला सगळं ऐकू यायचं. "आम्ही जे खातो तेच ती खाते. आपला दहीभात, मोसरन्न, तिला इतकं प्रिय! आणि एकादशीला? अहो, तोंडसुद्धा लावत नाही. शनिवारीही एकभुक्त. पाणी मात्र देतो आम्ही, शेवटी मुका जीव आहे."

पाहुणे हात जोडत. एक बाई तर म्हणाल्या, "मागच्या जन्मीची पुण्यवान असणार." पुण्यवान पिंकी तेव्हा लाल थंड फरशीवर पोट टेकून पडलेली असे. एकादशीला तोंड लावत नाही म्हणजे काय, तर तिच्यासमोर काही ठेवतच नसत. ताट पालथं घालून ठेवायचे. ती नाकानं ते ढकलत ढकलत भिंतीपर्यंत न्यायची, मग भिंतीला टेकून चाटायची. तो खणखण आवाज ऐकून अक्का आतून म्हणायच्या, "बघा, नामस्मरण चाललंय."

मी हसले नाही. मला तेव्हा हसू येत नसे.

आता माणसांचं जनावरांवरचं प्रेम पाहिलं की मला किळस येते. खोटं का लिहू? आमच्या नव्या घराशेजारी एक गवळी आहे. त्याचं वासरू मेलं, तर त्यानं त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते दोन काठ्यांवर उभं केलं आहे. गाय ते चाटते आणि पान्हा सोडते. दूध घ्यायला आलेल्या बायका गाईच्या कपाळाला हात लावून डोळ्यांना लावतात आणि चरवी पुढं करतात. संक्रांतीला तिची शिंगं रंगवतील, अंगावर हळद फासतील आणि सगळा रस्ता बघत असताना तिला जाळावरून उडी मारायला लावतील. तिला आवडतं म्हणे. आमची माणसंही काही वेगळी नाहीत. माझ्या भावानं देवीसाठी बोकड आणला होता, पोरांनी त्याचं नाव ठेवलं, त्याला बिस्किटं चारली, त्याच्यासोबत फोटो काढला. त्या दिवशी पोरं रडली आणि दुपारी दोनदा वाढून घेतलं. पण माझा भाऊ एक करत नव्हता: बोकडाला उपवास आवडतो असं तो कधी म्हणाला नाही.

त्या वर्षी अवरेकाई सुरू होण्याआधी पिंकीचं लग्न झालं. अक्का लग्नच म्हणायच्या. नात्यातल्या एका घरचा पॉमेरियन ठरवला. आधी फोनवर चौकशी झाली. अण्णा हॉलमध्ये फोन कानाला लावून मोठ्यानं विचारत होते, "तुमच्याकडेही अंडं वगैरे नाही ना? नाही, विचारलेलं बरं." रात्री मी यांना सांगितलं तर हे जेवता जेवता थांबले. "गोत्र विचारलं का?" म्हणाले.

पिलं कुणाकुणाला द्यायची हे पिंकीचं पोट दिसायच्या आधीच ठरलं होतं. एक अक्कांच्या भावाला, एक मठातल्या ओळखीच्यांना, बाकीची चांगल्या किमतीला.

थंडी वाढली. सकाळी धुकं इतकं की पुढच्या घराचा फक्त देवघरातला दिवा दिसे. अक्का आणि त्यांच्या मैत्रिणी दुपारी मागच्या अंगणात शेंगा सोलायला बसत; दाणे रात्रभर भिजवून सकाळी बोटांत दाबून सालं उडवत. ओल्या सालांचा ढीग माझ्या दगडाजवळ पडे. पिंकी येऊन ती सालं खायची. साबणाचा तुकडाही तिनं एकदा पळवला. मग ती कंपाउंडची भिंत चाटायला लागली. चुना लावलेली भिंत, तिच्या तोंडाच्या उंचीवर, जिभेएवढे चट्टे पडत गेले आणि आतली वीट दिसायला लागली. अण्णांनी चष्मा वर करून ती भिंत पाहिली. मला वाटलं, आता यांना काहीतरी कळेल.

"पेंटरला बोलवायला हवं," ते म्हणाले.

एक दिवस मी धीर केला. अक्का एकट्या होत्या, दाणे दाबत होत्या.

"अक्का, ती पोटुशी आहे. तिला स्वल्प दूध, नाहीतर एखादं..." पुढचा शब्द तोंडातून निघेना.

"एखादं काय?"

"काही नाही."

"अंडं म्हणणार होतीस." अक्का हसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "यमुना, तुमच्यात चालतं म्हणून आमच्या पिंकीला कशाला शिकवतेस? तिला ते आवडतच नाही. जन्मात कधी वास घेतलेला नाही तिनं."

मी घरी येऊन दार लावलं. जिनं वासच घेतला नाही तिला आवडत नाही हे कसं कळलं, एवढंच विचारायचं होतं. ते विचारायला मला दोन दिवस लागले आणि तोवर विचारण्यासारखं कुणी समोर नव्हतं. माझं नेहमी असंच होतं. उत्तरं मला भांडी घासताना सुचतात.

पिंकी व्याली. चार पिलं, उंदरासारखी गुलाबी. अक्कांनी फोटो काढून अमेरिकेला पाठवले. पिलं ओढ ओढ ओढायची आणि पिंकी दिवसेंदिवस चपटी होत गेली. केसांमुळं ते दिसत नसे. हात लावला तरच हाडं लागत, आणि हात कुणी लावत नसे, सोवळं मोडतं. तिच्या ताटात वाढ झाली, पण ती मोसरन्नाचीच. बाळंतीण म्हणून अक्कांनी वर चिमूटभर हिंग घालायला सुरुवात केली.

मग वैकुंठ एकादशी आली. त्या दिवशी देवळाच्या उत्तरेच्या दारातून गेलं की माणूस सरळ वैकुंठाला जातो म्हणतात, म्हणून सगळं शहर पहाटेपासून रांगेत उभं राहतं. अण्णा आणि अक्का धुक्यातच निघाले. पुढचं घर कुलूपबंद. मागच्या पडवीला जाळीचं दार, त्याला फक्त कडी. पिंकीचं ताट पालथं.

दुपारी मी दगडावर होते. पडवीतून आवाज आला, ताटाचा नव्हे. नखं फरशीवर वाजत होती, भराभरा, जसं शिवणाचं मशीन चालतं तशी. जाऊन पाहिलं तर पिंकी आडवी, चारी पाय ताठ, सगळं अंग थरथरत होतं. तोंडातून फेस. डोळे उघडे, पण ती मला बघत नव्हती. पिलं तिला चिकटून ओढतच होती. एक बाजूला पडलं होतं, ते हललं नाही.

मी जाळीपुढं उभी राहिले. खरं सांगायचं तर कुत्रीच्या आधी मला आमचा अ‍ॅडव्हान्स आठवला. दुसऱ्याची कुत्री, दुसऱ्याचं घर, न विचारता कडी काढली तर उद्या रस्त्यावर. आणि नाही काढली तर ती संध्याकाळपर्यंत राहणार नाही, हे माझ्यासारखीलाही दिसत होतं. मी कडी काढली. तिला जुन्या लुगड्यात गुंडाळलं. अंग तव्यासारखं तापलेलं होतं.

रिक्षावाल्यानं लुगड्यातून बाहेर आलेले पाय पाहिले. "अक्का, हिला दवाखान्यात न्यायचं की वैकुंठात?" त्यानं कानडीत विचारलं. मग माझं तोंड बघितलं आणि सगळे खड्डे चुकवत गाडी नेली. परक्या पुरुषाच्या रिक्षात मी एकटी कधी बसले नव्हते. ते मला उतरल्यावर आठवलं.

जनावरांच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, केस पिकलेल्या, चहा घेत होत्या. पिंकीला बघितलं आणि कप तसाच ठेवून उठल्या. पायातली शीर शोधून सुई घातली आणि अगदी हळूहळू औषध सोडत राहिल्या, एक हात तिच्या छातीवर. अंगातलं चुन्याचं सत्त्व पिलांनी ओढून घेतलं आहे, म्हणाल्या. मला ती भिंत आठवली.

"काय घालता खायला?"

"मोसरन्न."

"आणखी?"

"मोसरन्नच."

"आज काय घातलं?"

मी खाली बघितलं. "आज एकादशी आहे."

त्यांनी वर पाहिलं नाही. कंपाउंडरला म्हणाल्या, "लिहून घे. पेशंटला आज एकादशी आहे." तो फिस्सकन हसला. बाकड्यावर बसलेला एक कोंबडीवालाही हसला. सगळे मला मालकीण समजत होते. ही माझी नाही, मी असं करत नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. त्या घरात राहून दोन वर्षं ते खणखण वाजणारं ताट मी ऐकलं होतं. हसू दे, म्हटलं.

सुई निघेपर्यंत पिंकीचे पाय सैल झाले. तिनं मान उचलून माझ्या हाताचा वास घेतला. बोटांना सोगडु होता, तो चाटला. "दूध, अंडं, मटणाचं सूप," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पिलांना आजचा दिवस वरचं दूध पाजा. आणि पुन्हा हिला उपाशी ठेवलंत तर माझ्याकडे आणू नका, मला राग आवरत नाही."

मला त्या बाई फार आवडल्या.

परत येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून अंडी घेतली. जयनगरात तेव्हा अंडी मागायची तर दुकानदारही आधी डावीउजवीकडं बघे. वर्तमानपत्रात गुंडाळून, वर कोथिंबिरीची जुडी ठेवून देई. मी घरी एका चुलीवर अवरेकाई चढवली आणि दुसरीवर अंडी. अवरेकाईचा वास कशालाही झाकतो असं मला वाटलं. उकडलेलं अंडं कुस्करून पुढं ठेवलं तेव्हा जिला ते जन्मात आवडत नव्हतं त्या पिंकीनं ताट इतकं चाटलं की ते भिंतीपर्यंत गेलं. उरलेल्या तीन पिलांना मी कापसाच्या बोळ्यानं दूध पाजत होते. चौथं मी झाडाखाली पुरलं होतं.

तिन्हीसांजेला फाटक वाजलं. दोघं दमलेले, कपाळावर ताजं गंध, हातात लाडवाची पुडी. पडवी रिकामी दिसली तशा अक्का मागं आल्या आणि माझ्या दारात थांबल्या. नाक वर.

"काय शिजवतेस गं?"

"अवरेकाई."

"आणि?"

मी उत्तर द्यायच्या आत पिंकी माझ्या पायामागून पुढं आली. पांढरीशुभ्र, शेपूट हलवत, आणि नाकापासून हनुवटीपर्यंत पिवळा बलक.

अक्का किंचाळल्या. "अहो! इकडं या! एकादशीला! वैकुंठ एकादशीला अंडं!"

मी सांगायचा प्रयत्न केला. ती मरत होती, दवाखाना, सुई. माझं बोलणं नेहमीसारखं शेवटापासून सुरू झालं आणि कुणी ऐकलं नाही. चार पिलांची तीन कशी झाली हे अण्णांनी विचारलं, कारण त्यांतलं एक मठातल्यांना कबूल केलेलं होतं. पिंकी कशी आहे, हे दोघांपैकी कुणीही विचारलं नाही. मी आजपर्यंत माणसांचे पुष्कळ राग पाहिले. पण नुकतंच वैकुंठाचं दार ओलांडून आलेल्या दोन माणसांचे ते चेहरे मला अजून घाण वाटतात.

अण्णांनी भटजींना फोन लावला. कुत्र्याच्या शुद्धीचं शास्त्रात काही आहे का, असं विचारत होते. भटजी पलीकडून बहुधा हसले असावेत, कारण अण्णा म्हणाले, "नाही, गंभीरपणे विचारतोय." शेवटी त्यांनीच ठरवलं.

द्वादशीच्या सकाळी धुकं होतं. माझ्या दगडाला पिंकी बांधलेली. अक्का लांबून गोमूत्र शिंपडत होत्या आणि अण्णा पंचा नेसून तिच्यावर नळाचं गार पाणी ओतत होते. एक बादली, मग दुसरी. भिजल्यावर तिचे केस अंगाला चिकटले आणि पहिल्यांदाच सगळ्यांना दिसलं की आत किती कमी कुत्री आहे. बरगड्या मोजता आल्या असत्या. अण्णांचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी तिसरी बादली भरायला नळाखाली लावली.

मी बाहेर गेले. दोरी सोडली, तिला पदरात घेतलं आणि आत आले.  मागून अक्का म्हणत होत्या, "अगं, अजून तुळशीचं पाणी राहिलंय!" हे कामाला निघायच्या तयारीत होते. त्यांनी काही न विचारता स्वतःचा टॉवेल काढून दिला.

घर सोडा, असं दुपारी सांगितलं गेलं. महिनाअखेरपर्यंत मुदत, ती आमच्यासाठी नव्हे, पिलांसाठी. त्यांना आई हवी होती आणि बाटलेली आई मोठ्या घरात नको होती, म्हणून चौघंही आमच्याकडं. अंड्यांबद्दल मग कुणी बोललं नाही. पिलं गुटगुटीत होत होती. गुटगुटीत पिलांना किंमत येते.

महिना संपला, पिलं गेली. आम्ही भांडी बांधत होतो तेव्हा अण्णा मागं आले. म्हणाले, अक्कांच्या भावाची गाडी येणार आहे, पिंकीला बेळ्ळंदूरच्या तळ्याकडं सोडून येतील. "तिकडं शेतं आहेत, पाणी आहे, मोकळी हवा. मजेत राहील." पेन्शनीत गेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलत होते. तळ्याकाठची गावठी कुत्री या केसाळ बाहुलीचं काय करतील हे त्यांना कळत नव्हतं असं नाही.

"मी नेते," मी म्हणाले.

हे माझ्याकडं बघायला लागले. मीही आजूबाजूला बघितलं, कोण बोललं म्हणून.

अण्णांनी घसा साफ केला. "ने की. पण जातिवंत कुत्री आहे. तिची किंमत अ‍ॅडव्हान्समधून कापून घ्यावी लागेल."

"अण्णा," हे ट्रंकेवर बसूनच म्हणाले, "तळ्यात सोडताना काय भाव होता?"

अण्णा वळले. अ‍ॅडव्हान्स त्या दिवशी मिळाला नाही. नवा भाडेकरू आला की देतो, म्हणाले.

पिंकी आमच्याकडं पाच वर्षं राहिली आणि म्हातारी होऊन गेली. पीण्याजवळच्या खोलीखाली लेथ चालायचा, त्याच्या आवाजात ती घोरायची. रविवारी कोंबडीच्या माना खायची. आसपासच्या कारखान्यांत राखणीची कुत्री साखळीला बांधलेली असतात, दिवसभर लोखंडाच्या भुग्यात. त्यांचे मालकही त्यांना मुलासारखं मानतात. मी कुणाला मुलगी मानली नाही. ती कुत्री होती. तिला कुत्रीसारखं जेवायला घातलं.

घर सोडल्यावर पहिले काही महिने पैशांचं मात्र पुढच्या सोमवारी, अमावस्येनंतर, मार्च संपल्यावर असं चाललं. हे जात आणि रिकाम्या हातानं परत येत. एकदा म्हणाले, "जाऊ दे. आपण बोलणारी माणसं नव्हे." ते खरं होतं. भांडायला मला कधीच जमलं नसतं.

पण एकादशीला संध्याकाळी अक्कांकडं बायकांचं भजन असतं, हे मला ठाऊक होतं. कारखान्याचा माल पोचवणारा टेम्पो जयनगराकडं जायचा, त्यात बसून मी गेले. फाटकाबाहेर गटारावर फरशी टाकलेली आहे, ती रस्त्याची, कुणाच्या मालकीची नाही. तिच्यावर बसले. शेजारी पिंकी, धुतलेली, विंचरलेली. डबा उघडला, अंडं सोललं आणि तिला दिलं.

बायका येत होत्या. "अय्यो, ही पद्माक्कांची पिंकी नव्हे?"

"होय."

"काय खातेय गं?"

"अंडं."

"आज एकादशी ना!"

"तिची नाही," मी म्हणाले.

एवढंच. आत टाळ वाजत होते आणि खिडकीत एकेक डोकं येऊन जात होतं. पुढच्या एकादशीलाही गेले. माझे कान गरम व्हायचे, मान वर होत नसे, पण अंडं सोलायला मान वर लागत नाही. त्याच्या पुढच्या एकादशीला अण्णा स्वतः फाटकापर्यंत आले.

"काय तमाशा आहे हा? काय पाहिजे तुला?"

"अ‍ॅडव्हान्स."

"सांगितलंय ना, पुढच्या महिन्यात बघू."

"सरी, अण्णा. मग पुढच्या एकादशीला येते."

 मागं भजन थांबलं होतं. टाळ हातात धरून तीन-चार बायका पायरीपर्यंत आल्या होत्या. अण्णा आत गेले. बाहेर आले तेव्हा हातात वर्तमानपत्राची पुडी होती. ती त्यांनी फाटकाच्या गजांतून माझ्या हाताला हात लागणार नाही अशी वरून सोडली.

"कुत्रीची किंमत राहू दे," ते हळू आवाजात म्हणाले. "जा आता."

मी गेले नाही. पुडी उघडून फरशीवर बसल्या बसल्या नोटा मोजल्या, बोटाला थुंकी लावून, सगळ्यांसमोर. पिंकीचं दुसरं अंडं संपलं तेव्हा माझं मोजून झालं. पैसे पूर्ण होते.